कॅरिगबॉनच्या पायऱ्या

दोन घरांच्या माणसांनी उघड्यावर भेटायला हरकत नाही, मात्र कुणाच्या घरात नको आणि कुणाच्या परसातही नको, असा त्या एप्रिलमधला कोरोनाचा सरकारी नियम होता. त्यामुळे बोलणी करायची कुठे, हाच पहिला वाद झाला.

"पार्कात भेटू," अभिजित फोनवर म्हणाला.

"शनिवारी पार्कात अख्खं डब्लिन लोटतं. तुझ्या वडिलांचं काय करायचं ते ठरवायला भेटतोय ना आपण? मग आइस्क्रीमच्या रांगेत उभं राहून ठरवायचं का?" वृंदा म्हणाली. "वर कॅरिगबॉनला या."

"आई, तो स्कीचा लॉज बंद पडून बारा वर्षं झाली."

"म्हणूनच म्हणते. तिथे कुणी नसतं."

तिने फोन ठेवला आणि पुऱ्यांचं पीठ भिजवायला घेतलं. पाडवा मंगळवारी होऊन गेला होता. त्या दिवशी मुलाला, सुनेला आणि नातीला तिने खिडकीच्या काचेतून पाहिलं होतं. श्रीखंड तेव्हापासून फ्रीजमध्ये होतं. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला असल्यामुळे पीठ डाव्या हाताने मळावं लागलं. वेळ लागला, पण मळलं.

गाडीत गुरुनाथला बसवायलाही वेळ लागला. जानेवारीत त्याला स्ट्रोक झाला होता. नऊ आठवडे हॉस्पिटल आणि मग पुनर्वसन केंद्र, भेटायला कुणालाच परवानगी नाही. मार्चच्या मध्यावर घरी आला तेव्हा उजवा हात लोंबत होता, उजवा पाय ओढत होता आणि तोंडातून मोजके शब्द निघत होते. ज्याने वीस वर्षं कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात यंत्रं चालवली, रिटायर झाल्यावर शेजाऱ्यांच्या गवत कापायच्या मशिनी फुकट दुरुस्त केल्या, त्याला आता शर्टाचं बटण लावून द्यावं लागत होतं. ते वृंदा लावत होती. आंघोळ, दाढी, रात्रीची औषधं, सगळं तीच. सरकारी मदतनीस बाई येऊ शकत होती, पण बाहेरून आजार घरात येईल म्हणून वृंदाने तिला नको सांगितलं होतं. अभिजितलाही दाराबाहेरच ठेवलं होतं. आणि पंधरा दिवसांपूर्वी, न्हाणीघरात गुरुनाथला सावरताना, ती स्वतः पडली.

त्यानंतर अभिजितने समुद्राच्या बाजूच्या एका नर्सिंग होममध्ये खोली मिळवली. पुण्यात नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणं डोळ्यांपुढे येतात. इथे त्याचा अर्थ वेगळा होता. इथे गेलेली माणसं बहुधा परत येत नसत. सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

चर्चच्या वळणानंतर चढ लागला. वृंदाने गिअर बदलला. दोन्ही बाजूंना गॉर्सचं काटेरी झुडूप फुललं होतं, पिवळंधमक, आणि उघड्या खिडकीतून त्याचा ताज्या खोबऱ्यासारखा वास येत होता.

"आठवतंय का हो?" ती म्हणाली. "या वळणावर तुमची कोरोला बंद पडायची."

गुरुनाथने डावा हात उचलून डॅशबोर्डवर दोनदा थोपटला.

*

लॉज अजून उभा होता. छताच्या एका कोपऱ्यातली दगडी कौलं घसरली होती, खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगाने आपली नावं लिहून ठेवली होती. फाटकाला कुलूप होतं, पण कुत्री फिरवणाऱ्यांनी बाजूचं कुंपण कधीच वाकवून वाट केली होती. व्हीलचेअर तिथून जेमतेम निघाली.

आयर्लंडमध्ये स्की करण्याइतका बर्फ पडत नाही. कॅरिगबॉनलाही कधी पडला नाही. इथे टेकडीच्या उतारावर ब्रशासारख्या ताठ काड्यांची पांढरी जाळी अंथरलेली होती. तिच्यावर पाण्याचे फवारे सोडायचे म्हणजे ती निसरडी होई, आणि मग डब्लिनची माणसं त्या ओल्या ब्रशांवरून आल्प्समध्ये असल्यासारखी घसरत जात. लॉजमध्ये पाइनच्या फळ्यांच्या भिंती, मोठी शेकोटी, स्वित्झर्लंडची पोस्टरं. खाली दोनशे जोड बूट.

ते बूट वृंदाच्या वाट्याला आले होते. गुरुनाथच्या नोकरीसाठी दोन हजार साली ते पुण्याहून इथे आले तेव्हा बायकांना कामाचा परवाना सहज मिळत नसे. पहिली तीन वर्षं ती घरात बसली. परवाना मिळाला तेव्हा जे पहिलं काम समोर आलं ते धरलं: शनिवार-रविवार, कॅरिगबॉनची बूट-रूम, परत आलेले ओले बूट पुसून जागेवर लावणं. मॉरीन नावाची मॅनेजर होती. एका संध्याकाळी गिऱ्हाईकं गेल्यावर ती म्हणाली, "तू कधी पायात घालूनही बघ की."

वृंदाने बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण ती कॉलेजात खो-खो खेळली होती, विद्यापीठाच्या संघातून. गुडघे वाकवून, वजन पुढे टाकून, क्षणात दिशा बदलायची, हे तिच्या पायांना विसाव्या वर्षीच ठाऊक झालं होतं. त्या संध्याकाळी ती चार वेळा पडली आणि पाचव्यांदा खालपर्यंत उभी आली. दोन वर्षांत तिच्या अंगावर शिकवणाऱ्यांचं लाल जाकीट होतं. चाळिशी ओलांडलेली, घट्ट वेणी घातलेली पुण्याची बाई आयरिश पोरांना ओरडून सांगत असे: "नीज! बेंड युअर नीज!" पोरं तिला मिसेस नीज, म्हणजे गुडघेबाई, म्हणत.

ती त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नसे. बोललं की शेवटच्या दिवसापर्यंत यावं लागे: दोन हजार नऊचा एप्रिल, मंदी, दाराला लावलेली नोटीस, मॉरीनने सगळ्यांना वाटलेले शेवटचे सँडविच.

*

अभिजितची गाडी आली. तो, त्याची बायको यामिनी आणि नऊ वर्षांची निधी उतरले. सगळ्यांनी मास्क लावले, दोन मीटर अंतर ठेवून दोन चटया घातल्या. निधीने आजोबांकडे धाव घेतली आणि मध्येच थांबून आईकडे पाहिलं.

"जा," वृंदा म्हणाली. "उघड्यावर आहोत. जा."

वॉटरफोर्डहून धाकटी लेक स्वरूपा व्हिडिओवर होती. जिल्हा ओलांडून यायला तिला परवानगी नव्हती. ती तिथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती आणि आज सुट्टी असूनही केस ड्युटीवर असल्यासारखे बांधलेले होते. फोन निधीच्या हातात दिला गेला.

पुऱ्या वाढल्या. दोन घास होईपर्यंत अभिजित थांबला.

"आई, ती खोली चांगली आहे. समुद्र दिसतो. सगळ्यांना लस देऊन झालीये. मी स्वतः बोललोय त्यांच्याशी."

"मी जाणार नाही म्हणून सांग त्यांना."

"तुझ्यासाठी नाहीये ती."

"ठाऊक आहे. त्यांच्यातर्फे मी सांगतेय."

"तुझं मनगट तुटता तुटता वाचलं, आई. पुढच्या वेळी डोकं आपटलं तर? फोन कोण करणार? बाबा?"

ते वाक्य बोलून झाल्यावर त्यालाच ते लागलं. त्याने गुरुनाथकडे पाहिलं नाही. जानेवारीपासून तो वडिलांकडे नीट पाहूच शकला नव्हता. काचेतून हात करायचा तेव्हाही नजर वडिलांच्या खांद्यामागच्या घड्याळावर ठेवायचा.

"दादा बरोबर बोलतोय," फोनमधून स्वरूपा म्हणाली. "आई, मी रोज बघते गं. पेशंट सुधारतो आणि त्याची बायको अंथरूण धरते. तुला एकटीला नाही झेपणार."

"तू फिजिओ आहेस. मग येऊन कर की मदत."

"मला येता येत नाहीये!" स्वरूपाचा आवाज चढला. "तुला वाटतं मला नकोय यायला?"

खालच्या रस्त्यावरून एक सायकलवाला धापा टाकत गेला.

"शिवाय बाबांना चालणार आहे," अभिजित हळूच म्हणाला. "मी विचारलं त्यांना परवा, फोनवर. नीट समजावून सांगितलं. म्हटलं, बाबा, जाल ना तिथे? ते हो म्हणाले. दोनदा."

वृंदाचा हात पुरीवरच थांबला. "त्यांच्या हो-ला काही अर्थ नसतो. ते नाही म्हणायला जातात आणि हो निघतं. महिनाभर राहतेय मी त्या हो-बरोबर."

"प्रत्येक वेळी नाही ना? कधीतरी हो म्हणजे होच असेल."

"ते कधी, हे तुला कळतं?"

"तुला तरी कळतं का? का तुला हवं ते तू ऐकतेस?"

यामिनी आतापर्यंत गप्प होती. या कुटुंबात ती लग्न होऊन आली तेव्हा लॉज बंद पडला होता. ऐकून ऐकून तिने एक जागा मनात उभी केली होती, आणि आज कळत होतं की नवरा आणि सासू एकाच लॉजबद्दल बोलतच नव्हते. अभिजितने तिला लग्नानंतर केव्हातरी सांगितलं होतं: बारावीच्या वर्षी दर शनिवारी तो स्वरूपाला वरण-भात गरम करून द्यायचा. एकदा आईला घ्यायला इथे आला, तर शेकोटीपाशी लाल जाकिटातली एक बाई मान मागे टाकून हसत होती. ती आपली आई आहे हे कळायला त्याला क्षणभर लागलं. "घरी ती तशी कधी हसली नव्हती," तो म्हणाला होता. या लॉजने आई नेली, असं त्याला तेव्हा वाटलं होतं, आणि ते पुरतं गेलं नव्हतं.

"आजोबा, श्रीखंड?" निधीने वाटी पुढे केली.

"हो," गुरुनाथ म्हणाला, आणि डाव्या हाताने वाटी दूर सारली.

निधीने पुन्हा पुढे केली. "यू सेड यस."

"हो. हो," तो म्हणाला आणि वाटी अजून लांब ढकलली. मान जोरात हलवली. चेहरा लाल झाला होता.

"डॅड, ही सेज यस बट ही मीन्स नो," निधी सहज म्हणाली.

अभिजित बघत राहिला. यामिनीला नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना दिसला. तिला त्याची दया आली, आणि त्याच वेळी वाटलं, हे व्हायलाच हवं होतं.

"म्हणजे मी..." तो म्हणाला.

"अहो! कुठे?" वृंदा ओरडली.

गुरुनाथ व्हीलचेअरवरून उठला होता. डाव्या हाताने खुर्चीची मूठ धरून, तिलाच ढकलत, तो लॉजच्या पुढच्या पायऱ्यांकडे निघाला होता.

*

पायऱ्या दगडी होत्या, नऊ. वर लॉजचा दगडी सज्जा होता आणि त्या सज्ज्यावर गेल्याशिवाय स्कीचा उतार दिसत नसे. गाडीतळावरून दिसायची ती फक्त भिंत.

"बाबा, मी आणि यामिनी खुर्चीसकट उचलतो तुम्हाला," अभिजित धावत येऊन म्हणाला.

गुरुनाथने खुर्ची मागे लोटली. ती घरंगळत जाऊन चटईला अडली. तो पहिल्या पायरीशी एका पायावर उभा होता आणि लोखंडी कठड्याकडे पाहत होता. कठडा एकाच बाजूला होता, उजव्या. उजवा हात त्याच्या काही उपयोगाचा नव्हता.

"स्वरूपा, सांग गं त्यांना," वृंदा म्हणाली. "पडतील ते."

फोनमध्ये स्वरूपाचा चेहरा जवळ आला. "निधी, कॅमेरा खाली कर. मला पाय दाखव. पायऱ्या दाखव." ती थोडा वेळ बघत राहिली. "केंद्रात त्यांनी चार पायऱ्या केल्यात. कठडा पक्का आहे का? दादा, हलवून बघ."

अभिजितने दोन्ही हातांनी हलवला. हलला नाही.

"मग चढू दे."

"तू आत्ता म्हणालीस झेपणार नाही!" वृंदा म्हणाली.

"तुला झेपणार नाही म्हणाले. बाबांबद्दल काही बोलले नाही मी. दादा, त्यांच्या मागे उभा राहा. कमरेचा पट्टा धर, घट्ट. शर्ट नको धरूस, पट्टा. बाबा, कठड्याकडे तोंड करा. सरळ नाही चढायचं. आडवं. डावा हात कठड्यावर. आता चांगला पाय आधी, डावा, बाजूला, वरच्या पायरीवर. मग उजवा त्याच्याजवळ आणा."

वृंदाने तोंडावर हात ठेवला.

आडवं चढणं तिने शेकडो पोरांना शिकवलं होतं. पायात स्की असताना उतार चढायचा तर तसाच चढावा लागतो, खेकड्यासारखा. आणि इथे कुणी सगळ्यांत जास्त आडवं चढलं असेल तर गुरुनाथने. शनिवारी घर ओकंबोकं वाटतं म्हणून तोही एका हिवाळ्यात इथे येऊ लागला होता. वर ओढून नेणाऱ्या दोरावरून तो दर वेळी पडायचा, मागची रांग खोळंबायची, म्हणून त्याने दोराचा नाद सोडला आणि उतार पायांनी चढायला सुरुवात केली. तासाभरात एक खेप. खाली येताना पुन्हा पडायचा. पोरं हसायची. तीन हिवाळे त्याने असे काढले. ती म्हणायची, अहो, सोडा की आता. तो म्हणायचा, मशीन चालत नसेल तर दोष शोधायचा, मशीन टाकून नाही द्यायचं.

"उजवा जवळ घ्या," ती म्हणाली. तिचा आवाज आपोआप तो जुना झाला, उतारापलीकडे पोचणारा. "गुडघा वाकवा! कठड्यावर लोंबकळू नका. वजन पायावर!"

पहिली पायरी, निधी मोजत होती. दुसरी.

अभिजितच्या मुठीत वडिलांचा पट्टा होता. दुसरा हात स्वरूपाने सांगितल्याप्रमाणे त्यांच्या बरगडीशी होता. वडील इतके हलके असतील असं त्याला वाटलं नव्हतं. चौथ्या पायरीवर उजवा पाय कडेला अडखळला आणि सगळं वजन अभिजितच्या अंगावर आलं. पण त्याचे हात हलले नाहीत. त्याने गुडघा पुढे घातला, वडिलांच्या मांडीखाली, आणि त्यांना तिथेच तोलून धरलं. मास्कमधून गुरुनाथच्या श्वासाचा आवाज त्याच्या कानाशी येत होता.

"थांबायचं का, बाबा?"

"हो," गुरुनाथ म्हणाला, आणि डावा पाय वरच्या पायरीवर टाकला.

अभिजितला हसू फुटलं. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता. "कळलं," तो म्हणाला. "कळलं मला."

सातव्या पायरीवर ते बराच वेळ थांबले. निधीने आकडे मोजणं बंद केलं होतं. यामिनी खाली हात पसरून उभी होती. वृंदा एकेक पायरी मागे ठेवून चढत होती आणि सूचना देत होती, आणि स्वरूपा फोनमधून सूचना देत होती, आणि दोघी एकमेकींच्या आवाजावर आवाज काढत होत्या. मग आठवी. मग नववी.

*

उतार दिसला. पांढऱ्या जाळीवर शेवाळ चढून ती हिरवी झाली होती. मधूनमधून गॉर्स वर आला होता. दोर ओढणारे खांब गंजून तिरके झाले होते. त्या पलीकडे थेट समुद्रापर्यंत शहर पसरलेलं, बंदराच्या दोन पट्टेदार धुराड्यांसकट.

यामिनीने व्हीलचेअर वर आणली. गुरुनाथ बसला. त्याच्या पायांना कापरं भरलं होतं. वृंदा समोर गुडघ्यांवर बसून त्याच्या पोटऱ्या चोळू लागली, डाव्या हाताने. उजवा हात तिने मांडीवर ठेवला होता.

गुरुनाथने वाकून तो पट्ट्यातला हात उचलला. आपल्या डाव्या तळव्यावर ठेवला.

"हात," तो म्हणाला.

"दुखत नाही आता. बरं आहे."

"हात," तो पुन्हा म्हणाला. मग अभिजितकडे पाहिलं. मग समुद्राकडे, जिथे ती खोली होती त्या बाजूला बोट केलं. ओठ हलले, शब्द येईना. मान खाली घालून त्याने जोर केला. "हिचा... हात. म्हणून... हो."

वृंदा चोळायची थांबली.

सगळ्यांत आधी अभिजितला कळलं. "आई, त्यांनी मला हो सांगितलं ते खरंच हो होतं," तो म्हणाला. "तुझा हात बघून ते जायला तयार झाले."

वृंदा उठून उभी राहिली. तिच्या कानशिलांवर रक्त चढलेलं दिसत होतं.

"हे बरं आहे! मी जीव तोडून तुम्हाला घरी ठेवतेय, आणि तुम्ही माझ्यावर उपकार म्हणून परस्पर जायचं ठरवता? मला न विचारता? चाळीस वर्षांत एक भाजी तरी मला न विचारता आणलीत का?" बोलता बोलता आवाज फुटला. "मला तुम्ही तिथे नकोत. मला तुम्ही घरात हवेत."

गुरुनाथ तिच्याकडे बघत राहिला. या वेळी त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिचा हात मात्र सोडला नाही.

"आई," यामिनी म्हणाली. "बसा जरा."

"नाही बसायचं मला."

"मग उभ्याने ऐका. मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. बाबा घरी राहावेत असं तुम्हाला वाटतं, आणि तुम्हाला काही होऊ नये असं बाबांना वाटतं. दोन्ही जमेल. पण तुम्ही दार उघडलंत तर. महिनाभर तुम्ही कुणालाही आत घेतलं नाही. मदतीची बाई नको, मुलगा नको, मी नको."

"आजार आत आला असता तर?"

"तेव्हा ते बरोबर होतं. आता तुम्हा दोघांना लस मिळतेय. बाई येऊ दे सकाळची. आणि..." तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिने दोन आठवड्यांपूर्वी शोधून ठेवलं होतं, बोलली नव्हती. याने स्वतः म्हणावं असं तिला वाटत होतं. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आजारी माणसाची काळजी घ्यायला इथे कायद्याने रजा मिळते. बिनपगारी, पण नोकरी राहते. आपलं घर माझ्या पगारात चालेल काही महिने. अभि, मी फॉर्म आणून ठेवलाय."

"प्रमोशनचं वर्ष आहे माझं," अभिजित म्हणाला. तोंडातून ते सवयीने निघालं.

"माहीत आहे."

तो सज्ज्याच्या कठड्याशी गेला. उताराकडे पाठ करून उभा राहिला. "प्रमोशनचं नाही गं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मला भीती वाटायची. बाबांना आंघोळ घालायची, त्यांना उचलायचं... मला जमणार नाही असं वाटायचं. म्हणून ती खोली शोधली. आईच्या मनगटाचं निमित्त मिळालं. खरं सांगतोय."

वृंदाला राग यायला हवा होता. पण समोर उभा होता तो तेहतीस वर्षांचा, आणि त्याच्या पुढच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. सतरा वर्षांचा असताना याने दर शनिवारी धाकटीला जेवू घातलं, आणि आपण एकदाही विचारलं नाही की तुला कसं वाटतं, हे तिला आत्ता या जागी आठवलं.

"आज धरलंस ना त्यांना," ती म्हणाली. "चौथ्या पायरीवर मी असते तर दोघं खाली आलो असतो." मग पट्ट्यातल्या मनगटाकडे पाहिलं. "माझ्याने एकटीने होत नाहीये, अभि. न्हाणीघरात पडले ती पहिली वेळ नव्हती. तिसरी होती."

फोनमधून स्वरूपाचा हुंदका आला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना नेलं असतं."

यामिनीने थर्मासमधला चहा ओतला आणि अंतर न मोजता सगळ्यांच्या हातात कप दिले.

*

उतरणं चढण्याहून कठीण होतं. दगडाची कड खाली दिसत राहायची आणि पाय भरवसा ठेवायला तयार नसायचा. तिसरी पायरी उतरत असताना खाली गार्डाची, म्हणजे इथल्या पोलिसांची, गाडी येऊन उभी राहिली. तरुण पोलीस होता, गालांवर मास्कचे वळ.

"मंडळी, ही खाजगी जागा आहे," तो खालून म्हणाला. "कुणीतरी फोन केला की आत माणसं शिरलीत म्हणून. तुम्हाला निघावं लागेल."

"निघतोच आहोत," वृंदा इंग्रजीत म्हणाली. "पण माझे मिस्टर स्वतः उतरणार आहेत. वेळ लागेल."

"दोघं मिळून उचलू का त्यांना?"

"नको. थँक यू."

पोलिसाने वर पाहिलं. कठड्याकडे तोंड केलेला म्हातारा, त्याचा पट्टा धरलेला मुलगा, हातात फोन उंच धरलेली पोर, आणि फोनमधून कुणीतरी बाई अनोळखी भाषेत हुकूम सोडतेय.

"यू'र ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही. "टेक युअर टाइम." आणि गाडीला टेकून उभा राहिला.

"आता वाईट पाय आधी, बाबा," स्वरूपा म्हणाली. "उजवा खाली. दादा, धर."

"धरलंय," अभिजित म्हणाला.

उजवा, मग डावा. पुन्हा उजवा. सहाव्या पायरीवर गुरुनाथने मुलाच्या कोपराला डोकं टेकून विश्रांती घेतली. अभिजित हलला नाही. त्याच्या दंडाला रग लागली होती. वडिलांच्या विरळ केसांतून घाम येत होता आणि खोबरेल तेलाचा वास होता. त्याने या वेळी नजर कुठेही वळवली नाही.

खाली पोचायला पंचवीस मिनिटं लागली. शेवटच्या पायरीवरून जमिनीवर पाय टेकला तेव्हा पोलिसाने टोपीला हात लावला, गाडी सुरू केली आणि काही न विचारता निघून गेला.

गुरुनाथला गाडीत बसवण्याचं काम अभिजितने केलं. कसं वळवायचं, डोकं कुठून सांभाळायचं, ते वृंदा बाजूला उभी राहून सांगत होती. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा नीट झालं. त्याने सीटचा पट्टा लावला, लुळा हात उचलून वडिलांच्या मांडीवर ठेवला, आणि काही क्षण तसाच आपल्या हाताखाली ठेवला.

मग तो बाजूला गेला आणि नर्सिंग होमला फोन लावला. शनिवार होता. पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज होता. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव स्पेलिंगसकट सांगितलं, आणि म्हणाला की खोली दुसऱ्या कुणाला द्यावी, आमचे वडील घरी राहणार आहेत.

"सोमवारी आठला येतो," परत येऊन तो आईला म्हणाला. "रजा मंजूर होईपर्यंत ऑफिसच्या आधी. नंतर दिवसभर."

वृंदा स्टिअरिंगवर बसली होती. तिने पट्ट्यातलं मनगट मांडीवर टेकवलं आणि डाव्या हाताने किल्ली फिरवायला लागली.

"आई, तू चालवू नकोस या हाताने. मी सोडतो. यामिनी आपली गाडी घेऊन येईल मागून."

नको, हा शब्द तिच्या तोंडात तयार होता. महिनाभर तो एकच शब्द तिने सगळ्यांना दिला होता. तिने किल्ली काढून मुलाच्या हातात ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"आणि आठला नको," ती म्हणाली. "साडेसातला ये. ते सातला उठतात, मग कुणासाठी थांबत नाहीत."